पान कोणी आणायचं?

जुलै १९८३मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली आवारात युनिक्सच्या नव्या आवृत्तीचं, म्हणजे ४.२ बीएसडीचं, सिस्टिम मॅन्युअल तयार झालं. त्यात एमएमॅप नावाच्या एका सिस्टिम कॉलचं व्यवस्थित वर्णन होतं. डिस्कवरची फाइल थेट प्रोग्रामच्या पत्त्यांमध्ये आणून बसवायची आणि मग तिचा कोणताही बाइट साध्या व्हेरिएबलसारखा वाचायचा किंवा बदलायचा, अशी त्याची योजना. कोणत्या पत्त्यापासून, किती लांबीचं, फक्त वाचायला की लिहायलाही, इतर प्रोग्रामांशी सामायिक की खासगी, कोणती फाइल, तिच्यातल्या कोणत्या जागेपासून, हे सगळं नीट ठरवलेलं होतं. तळटिपेत मात्र म्हटलं होतं, की हा भाग पुढच्या आवृत्त्यांसाठी योजला आहे आणि यातले दोनच कॉल सध्या चालतात. त्या दोनांत एमएमॅप नव्हता.

हे वचन पुरं व्हायला पाच वर्षं लागली, आणि ते पुरं केलं दुसऱ्यांनीच. कल्पना तर बर्कलीच्याही बरीच आधीची होती. तिची सुरुवात शोधायला इंग्लंडात, मँचेस्टरला जावं लागतं.

संगणकाच्या पहिल्या दशकात प्रोग्राम लिहिणाऱ्याचा बराच वेळ ने-आण करण्यात जाई. गणित मोठं, मेमरी लहान. म्हणून प्रोग्रामचे तुकडे पाडायचे, एक तुकडा मेमरीत ठेवायचा, बाकीचे फिरत्या चुंबकीय ड्रमवर, आणि कोणता तुकडा केव्हा आत आणायचा, कोणता बाहेर काढायचा याचे हुकूम प्रोग्राममध्येच लिहायचे. या तुकड्यांना ओव्हरले म्हणत. मेमरी थोडी वाढली किंवा यंत्र बदललं, की सगळी मांडणी पुन्हा करायची. ही ने-आण यंत्राकडेच सोपवावी, अशी कल्पना बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात फ्रिट्झ-रुडोल्फ ग्युंट्श यांनी १९५६च्या आपल्या प्रबंधात मांडली होती. ती चालत्या यंत्रात उतरवली मँचेस्टर विद्यापीठातल्या टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, फेरांटी कंपनीच्या साथीनं.

त्यांच्या ॲटलास यंत्राचं उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ रोजी झालं. ४८ बिटांचा एक शब्द, असे १६,३८४ शब्द कोअर मेमरीत आणि ९८,३०४ शब्द ड्रमांवर. दोन्हींची विभागणी ५१२ शब्दांच्या पानांत. कोअरमध्ये ३२ पानं मावत आणि पानाच्या प्रत्येक जागेला एकेक रजिस्टर दिलेलं होतं. प्रोग्रामनं एखादा पत्ता मागितला की ती बत्तीस रजिस्टरं एकदमच तपासली जात. पान आत असलं तर काम पुढे चालू. नसलं तर प्रोग्राम थांबायचा, सुपरवायझर हा देखरेखीचा प्रोग्राम ड्रमवरून ते पान आणायचा, जागा करायला दुसरं एखादं बाहेर धाडायचा आणि प्रोग्राम थांबला होता तिथून पुढे निघायचा. त्याला यातलं काही कळतही नसे. बाहेर कोणाला धाडायचं हे ठरवण्यासाठी पानांच्या वापराची नोंद ठेवणारा एक वेगळा प्रोग्रामही होता. तो अनुभवावरून अंदाज बांधत असे.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हे लगेच रुचलं नाही. माझ्या प्रोग्रामला पुढे काय लागणार हे मला जितकं ठाऊक, तितकं यंत्राला कुठून ठाऊक असणार, हा आक्षेप काही चुकीचा नव्हता. तो संपूर्ण साठचं दशक चर्चेत राहिला. आयबीएमच्या यॉर्कटाउन हाइट्स इथल्या संशोधन केंद्रात डेव्हिड सेयर यांनी प्रत्यक्ष मोजमाप करून १९६९मध्ये निकाल दिला, की यंत्रानं आपोआप केलेली ने-आण माणसानं हातानं केलेल्या ओव्हरलेइतकीच चांगली असते. सेयर हे फोरट्रान घडवणाऱ्या मूळ चमूतले, आणि मूळचे क्ष-किरण स्फटिकशास्त्रज्ञ. वाद मिटला असं त्या वेळी बहुतेकांना वाटलं. तो मिटला नव्हता, हे पुढे दिसेलच.

ॲटलासनं कोअर आणि ड्रम एक केले. फाइली मात्र वेगळ्याच राहिल्या. हे उरलेलं अंतर अमेरिकेत मल्टिक्सवाल्यांनी पार केलं. एमआयटीचा प्रोजेक्ट मॅक, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून आखलेल्या या प्रणालीवरचे पहिले लेख १९६५मध्ये आले. प्रमुख होते फर्नांडो कोर्बाटो. मल्टिक्समध्ये फाइल आणि मेमरी असा भेदच ठेवलेला नव्हता. होते ते सेगमेंट. प्रत्येक सेगमेंटला डिरेक्टरीत नाव, मालक आणि परवानग्या. प्रोग्रामला तो हवा असला की त्याला एक क्रमांक मिळायचा, आणि त्या क्षणापासून सेगमेंटमधला प्रत्येक शब्द त्या प्रोग्रामच्या पत्त्यांमधला एक पत्ता. पानं लागतील तशी आपोआप येत. वाचा आणि लिहा असे कॉल ज्यांना हवे असत, त्यांच्यासाठी ते सेगमेंटांवर रचलेल्या लायब्ररीत होते. मुळाशी त्यांची गरजच नव्हती.

वाचून घेणं आणि मॅप करणं यांतला फरक तलाठ्याच्या कचेरीत गेलेल्या कोणालाही समजेल. फाइल वाचणं म्हणजे सातबाऱ्याचा उतारा काढून घेणं. हातात येते ती नक्कल. मूळ दप्तरात नंतर काही फेरफार झाला तर तुमच्या कागदाला त्याचा पत्ता नसतो, आणि तुम्ही कागदावर केलेली खूण दप्तरात उमटत नाही. मॅप करणं म्हणजे खुद्द दप्तरच समोर उघडून बसणं. दोघं एकाच पानावर बसले असतील तर एकानं लिहिलेलं दुसऱ्याला तत्क्षणी दिसतं.

मल्टिक्सची ही रचना रॉबर्ट डेली आणि जॅक डेनिस यांनी ऑक्टोबर १९६७मध्ये टेनेसी राज्यातल्या गॅटलिनबर्ग इथल्या परिसंवादात मांडली आणि मे १९६८च्या ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये ती छापून आली. त्याच अंकात पीटर डेनिंग यांचा ‘वर्किंग सेट’वरचा लेख आहे. ठरावीक काळात प्रोग्राम ज्या पानांना खरोखर हात लावतो तेवढी आत राहिली पाहिजेत, नाहीतर यंत्राचा सगळा वेळ पानं आणण्या-धाडण्यातच जाईल, हा त्याचा गाभा. एकाच अंकात औषध आणि त्याचं पथ्य, दोन्ही मिळाली असं म्हणायला हरकत नाही.

मल्टिक्सच्या सेगमेंटला एक मर्यादा होती: जास्तीत जास्त २,६२,१४४ शब्द, ३६ बिटांचे. म्हणजे सुमारे एक एमबी. त्याहून मोठी फाइल अनेक सेगमेंटांत तोडावी लागे, आणि मग ‘सगळं एकाच पत्त्यांत’ या सोयीला तडा जाई. शिवाय प्रकल्प रेंगाळला. १९६९मध्ये बेल लॅब्जनं अंग काढून घेतलं. एमआयटीत मात्र त्याच वर्षी मल्टिक्स वापरासाठी खुलं झालं, आणि शेवटचं यंत्र, कॅनडाच्या संरक्षण खात्याचं, हॅलिफॅक्समध्ये ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झालं. अपयशी म्हणून हिणवलेल्या प्रणालीसाठी हे आयुष्य कमी म्हणता येणार नाही.

बेल लॅब्जला परतलेल्यांत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची होते. त्यांनी युनिक्स लिहिलं, आधी पीडीपी-७वर, मग पीडीपी-११वर. मल्टिक्सचं काय घ्यायचं आणि काय टाकायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. झाडासारखी डिरेक्टरी घेतली, सेगमेंट टाकले. युनिक्समध्ये फाइल म्हणजे बाइटांची एक रांग. ती उघडायची, वाचायची, लिहायची, बंद करायची. आज याकडे सौंदर्यदृष्टीचा विजय म्हणून पाहिलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. पण पीडीपी-११चा पत्ता १६ बिटांचा होता हेही विसरू नये. ६५,५३६ बाइटांच्या अंगणात प्रोग्राम स्वतःच कसाबसा मावत होता, तिथे फाइल आणून बसवणार कुठे? युनिक्सनं मॅपिंग नाकारलं असं म्हणण्यापेक्षा त्या यंत्रावर तो प्रश्नच उद्भवला नाही, असं म्हणणं मला जास्त बरोबर वाटतं.

त्याच काळात मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन या कंपनीनं मोठ्या पीडीपी-१० यंत्रासाठी टेनेक्स ही प्रणाली बनवली. तिच्यात पीमॅप नावाचा कॉल होता: फाइलीतलं एक पान उचलून प्रोग्रामच्या पत्त्यांत बसवायचं. वाचण्यापुरतं सामायिक ठेवलेलं पान कोणी बदलायला गेलं की तेव्हाच त्याची वेगळी प्रत काढायची, ही युक्तीही टेनेक्सनं वापरली. आर्पानेट या संगणकांच्या जाळ्यावरच्या कित्येक प्रयोगशाळांत टेनेक्स चालत असे. त्यामुळे पुढे युनिक्सकडे वळलेल्या पुष्कळांना ही सोय अंगवळणी पडलेली होती.

ऑक्टोबर १९७७मध्ये डिजिटल कंपनीनं व्हॅक्स-११/७८० जाहीर केलं. पत्ता ३२ बिटांचा, अंगण ४ जीबींचं. बर्कलीत रिचर्ड फेटमन यांना मॅक्सिमा हा बीजगणिताचा अवाढव्य प्रोग्राम चालवायचा होता, त्यासाठी विद्यापीठानं एक व्हॅक्स घेतलं. बेल लॅब्जकडून आलेलं व्हॅक्सचं युनिक्स मात्र पानं वापरत नसे. अख्खा प्रोग्राम आत किंवा अख्खा बाहेर, एवढंच त्याला कळे. बिल जॉय आणि ओझाल्प बाबाओग्लू या दोन विद्यार्थ्यांनी त्यात पानांची व्यवस्था घातली. कोणतं पान अलीकडे वापरलं गेलं हे सांगणारा बिट व्हॅक्सच्या हार्डवेअरमध्ये नव्हता. तेव्हा मधूनमधून पान मुद्दाम ‘अवैध’ ठरवायचं आणि प्रोग्राम त्यावर अडखळला तर ते वापरात आहे असं समजायचं, अशी पळवाट त्यांनी काढली. १९७९च्या अखेरीस ही व्यवस्था ३बीएसडी म्हणून बाहेर पडली.

पानं आली, आता फाइलीही पत्त्यांत याव्यात असं वाटणं ओघानंच आलं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या डार्पानं आपल्या संशोधकांसाठी बर्कलीच्या युनिक्सला पैसा दिला होता, आणि पुढच्या आवृत्तीत काय असावं हे ठरवायला १९८१मध्ये एक सुकाणू समिती नेमली. तिच्यात बर्कलीचे बॉब फॅब्री, बिल जॉय आणि सॅम लेफ्लर, बेल लॅब्जचे डेनिस रिची, कार्नेगी मेलनचे रिक रशीद होते, आणि टेनेक्सच्या घरची, म्हणजे बीबीएनची माणसंही होती. मागण्यांची यादी लांबली: जलद फाइल सिस्टिम, नेटवर्क, प्रोग्रामांमधला संवाद, आणि मोठ्या माहितीवर अनेक प्रोग्रामांनी एकत्र काम करता यावं म्हणून मॅपिंग. जलद फाइल सिस्टिम झाली. सॉकेट झाले, आणि इंटरनेट त्यांच्यावर उभं राहिलं. १९८२मध्ये जॉय बर्कली सोडून गेले. मॅपिंगला वेळ उरला नाही. ते मॅन्युअलमध्ये गेलं आणि तळटिपेसह तिथेच राहिलं. ऑगस्ट १९८३मध्ये ४.२ बीएसडी बाहेर पडलं.

या कथेतला सगळ्यात चांगला योग असा, की समिती बसली त्याच वर्षी, त्याच बर्कली विद्यापीठात, एक माणूस ही कल्पना आपल्या उपयोगाची नाही असं छापून सांगत होता. मायकेल स्टोनब्रेकर. त्यांची इन्ग्रेस ही डेटाबेस प्रणाली युनिक्सवरच वाढलेली. जुलै १९८१च्या ‘कम्युनिकेशन्स’मध्ये त्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमनं डेटाबेसला काय काय अडचणी येतात याचा पाढा वाचला, आणि फाइल पत्त्यांत बांधून घेण्याच्या कल्पनेचाही समाचार घेतला. त्यांचा हिशेब साधा होता. कोणतं पान कुठे आहे हे सांगणाऱ्या तक्त्यात ४ केबीच्या पानामागे ४ बाइट धरले तर १०० एमबीच्या फाइलीला १०० केबीचा तक्ता लागेल. तेव्हाच्या यंत्रांत तेवढा तक्ता कायम मेमरीत राहील याची खात्री नाही. तो स्वतःच डिस्कवर गेला, तर एक पान वाचायला डिस्ककडे दोनदा जावं लागेल.

मेमरी स्वस्त झाली तसा हा हिशेब सैल पडला. त्यांची दुसरी तक्रार मात्र जुनी झाली नाही. डेटाबेसला पुढे कोणतं पान लागणार हे त्याला स्वतःला माहीत असतं. डेटाबेसमधला एखादा तक्ता सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळताना नुकतंच पाहिलेलं पान सर्वांत निरुपयोगी असतं, आणि ऑपरेटिंग सिस्टिम मात्र नेमकं तेच जपून ठेवते. त्याहून गंभीर गोष्ट, यंत्र मध्येच बंद पडलं तरी माहिती शाबूत राहावी म्हणून काही पानं ठरावीक क्रमानंच डिस्कवर जायला हवीत. आधी बदलांची नोंदवही, मग मूळ पान. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, आपल्या मर्जीनं पानं लिहू लागला तर हा क्रम कोण पाळणार? मँचेस्टरच्या काळातला आक्षेप, आता अधिक भक्कम कारणांसह.

बर्कलीतून निघालेले जॉय सन मायक्रोसिस्टिम्समध्ये गेले होते. फेब्रुवारी १९८२मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या चार संस्थापकांत त्यांची गणना होते. दुसरे एक, पुण्यात जन्मलेले विनोद खोसला. सनचं युनिक्स बीएसडीवरूनच आलेलं, आणि पडद्याची मेमरी थेट प्रोग्रामच्या पत्त्यांत आणायला सननं एमएमॅप हे नाव आधीपासूनच वापरलं होतं. म्हणजे उपकरणांपुरतं दार उघडं होतं. फाइलींसाठी ते उघडलं रॉबर्ट गिंजेल, जोसेफ मोरन आणि विल्यम शॅनन या तिघांनी. त्यांचा लेख १९८७च्या उन्हाळ्यात युसेनिक्सच्या फिनिक्स इथल्या परिषदेत आला आणि काम १९८८च्या सनओएस ४.०मध्ये लोकांच्या हाती पडलं.

या तिघांनी मॅन्युअलमधला कॉल नुसता जोडून दिला असता तरी चाललं असतं. त्यांनी अख्खी मेमरी-व्यवस्था उकरून काढली आणि मॅपिंग पायाशी घातलं. आतापर्यंत कर्नलमध्ये दोन कोठारं होती: फाइलींच्या तुकड्यांसाठी बफर, आणि प्रोग्रामांच्या पानांसाठी बाकीची मेमरी. एकच फाइल दोन्हींकडे असली तर कोणती प्रत खरी, हा घोळ ठरलेला. सनओएस ४.०मध्ये फाइलींच्या माहितीसाठी कोठार एकच. मेमरीतलं प्रत्येक पान कोणत्या ना कोणत्या वस्तूचं, बहुधा फाइलीचं, पान. जुना वाचा-कॉल राहिला, पण आतून तोही फाइल कर्नलच्या पत्त्यांत मॅप करूनच काम करू लागला. प्रोग्राम चालू करणं हेसुद्धा मॅपिंगच झालं. सूचनांचा भाग फक्त वाचण्यासाठी, सर्वांत सामायिक. डेटाचा भाग खासगी, कोणी बदलेल तेव्हाच प्रत काढायची. रिकामी मेमरी हवी तर शून्यांनी भरलेल्या एका काल्पनिक उपकरणाचं मॅपिंग. याच पायावर सामायिक लायब्रऱ्या आल्या. एकच छापणारं फंक्शन पन्नास प्रोग्रामांत पन्नास वेळा साठवण्याची गरज संपली. मल्टिक्समध्ये हे सगळं होतंच. युनिक्सच्या माणसांना ते वीस वर्षांनी, थोड्या वेगळ्या वेशात, परत मिळालं.

पुढचा भाग भराभर झाला. एटी अँड टी आणि सन यांच्या युतीतून ही रचना सिस्टिम फाइव्हच्या चौथ्या आवृत्तीत गेली. खुद्द बर्कलीनं सनशी त्यांच्या कोडबद्दल बोलणी केली, पण ती फिसकटली. मग समितीत बसलेल्या रिक रशीद यांच्या कार्नेगी मेलनमधल्या मॅक (Mach) प्रकल्पातली मेमरी-व्यवस्था घेऊन, युटा विद्यापीठातल्या मदतीनं, बर्कलीनं १९९३च्या ४.४ बीएसडीमध्ये आपलं वचन स्वतः पाळलं. तोपर्यंत त्याची वाट कोणी पाहत नव्हतं. त्याच वर्षी पॉझिक्स या युनिक्सच्या मानकात एमएमॅप दाखल झाला, विंडोज एनटी आपली वेगळ्या नावाची तीच सोय घेऊन आलं, आणि लिनक्सनंही ही वाट धरली. युनिक्सच्या बाहेर मात्र मिनेसोटातल्या रॉचेस्टरला आयबीएमनं १९७८मध्येच सिस्टिम/३८ हे सगळं काही एकाच पत्त्यांत ठेवणारं यंत्र जाहीर केलं होतं. पुढच्या एएस/४००नं तोच वारसा चालवला. हिशेबाच्या कामात ते मुकाट राबत राहिलं आणि युनिक्सच्या दुनियेत त्याची फारशी चर्चा झाली नाही.

आज लिनक्सवर कोणताही साधा प्रोग्राम चालवून तो कर्नलकडे काय काय मागतो हे एसट्रेस या साधनानं पाहिलं, तर पहिल्या काही ओळींतच एमएमॅप पुन्हा पुन्हा दिसतो. लायब्रऱ्या अशाच येतात. याबद्दल कोणाचीच तक्रार नाही. तक्रार उरली ती डेटाबेसवाल्यांची.

कारण ६४ बिटांची यंत्रं आल्यावर जागेची चणचण संपली आणि मोह वाढला. अख्खा डेटाबेस मॅप करून टाकायचा, पानांची उठाठेव कर्नलवर सोपवायची, शेकडो ओळींचं बफर-व्यवस्थापन लिहायचंच नाही. २००९मध्ये आलेल्या मोंगोडीबी या डेटाबेसनं हेच केलं. ३२ बिटांच्या यंत्रावर त्यामुळे दोन जीबींच्या आसपास माहितीची हद्द संपत असे. डिसेंबर २०१५च्या ३.२ आवृत्तीत त्यांनी मूळ साठवण बदलून वायर्डटायगर घेतलं, आणि २०१९च्या ४.२मध्ये मॅपिंगवरचं जुनं इंजिन काढूनच टाकलं. दुसरीकडे हॉवर्ड चू यांनी ओपनएलडॅपसाठी २०११मध्ये लिहिलेला एलएमडीबी हा डेटाबेस आजही मॅपिंगवर सुखानं चालतो. तिथे मॅप मुळात फक्त वाचण्यासाठी आहे. एखादा भरकटलेला पॉइंटर माहिती बिघडवू शकत नाही, आणि लिहिण्याचा क्रम कर्नलच्या मर्जीवर सोडलेला नाही. म्हणजे स्टोनब्रेकर यांची तक्रार चू यांनी ऐकून घेतली आहे, असंच म्हणावं लागेल.

२०२२च्या सीआयडीआर परिषदेत अँड्र्यू क्रॉटी, व्हिक्टर लाइस आणि अँड्र्यू पावलो यांनी डेटाबेससाठी एमएमॅप खरोखर वापरायचा आहे का, असं शीर्षकातच विचारलं. आक्षेप ओळखीचे होते, एकदोन नवे. पान डिस्कवरून येईपर्यंत प्रोग्राम कुठेही, कधीही अडतो आणि त्याला ते आधी कळत नाही. डिस्कवर चूक झाली तर कॉलचं उत्तर म्हणून ती येत नाही, सिग्नल म्हणून अंगावर कोसळते. आणि वेगवान एसएसडी लावल्या तर पानं बाहेर काढण्याच्या कामात कर्नलच मागे पडतो, कारण प्रोसेसरच्या एका कोअरनं पान काढलं की बाकीच्या कोअरांना त्यांनी लक्षात ठेवलेले पत्ते पुसायला सांगावं लागतं. स्टोनब्रेकर यांच्या काळी डिस्क इतकी संथ होती, की कर्नलचा वेळ कोणी मोजतही नसे.

पुढच्याच वर्षी लाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीएमकॅश नावाची रचना मांडली. पत्त्यावरून पान शोधण्याचं काम ती हार्डवेअरच्या तक्त्यांकडेच ठेवते, म्हणजे मॅपिंगचा वेग सोडत नाही. पण कोणतं पान आणायचं आणि कोणतं काढायचं, हे तिच्यात डेटाबेस ठरवतो. त्यासाठी कर्नलमध्ये बसवायचा एक छोटा मॉड्यूलही त्यांनी लिहिला आहे. तो मान्य करून घ्यायचा की नाही, हा निर्णय अर्थातच ज्याच्या त्याच्या यंत्राच्या मालकाचा.